गुळाच्या काहिलीतून माहेराला

मी एकदा सासूच्या गळ्यात पडून सासूच्याच कागाळ्या केल्या आहेत. एका दमात, हुंदके देत, काहीही हातचं न राखता. तिलाच. कुणी हसण्याआधी मीच हसून घेते, कारण माझी चेष्टा माझ्याइतकी चांगली दुसऱ्या कुणाला जमत नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. अंगानं मी तुरीची काडी, आणि अक्कल म्हणाल तर त्या काडीला अजून फूलसुद्धा धरलं नव्हतं. पण त्या फजितीतला निम्मा वाटा माझा, निम्मा एका काहिलीचा, म्हणजे गूळ शिजवायच्या थोरल्या कढईचा. ती काहिल मला मध्यंतरी पुन्हा दिसली. घाटावर, तिकिटाच्या खिडकीशेजारी. कुणीतरी तिला सोनेरी रंग दिला होता, पोटात माती भरून सदाफुली लावली होती, आणि दोन पोरी तिच्या कडेला टेकून स्वतःचे फोटो काढत होत्या.

मी ओळखलं ते ठिगळावरून. बुडाला एके जागी लोखंडी पत्र्याचं ठिगळ होतं, वाकडंतिकडं ठोकलेलं. म्हातारीच्या गालावर पावडरीखालून देवीचा व्रण दिसावा तसं ते सोनेरी रंगाखालून दिसत होतं. मी हळूच त्याच्यावर बोट फिरवलं. मग बोटाचा वास घेतला. रंगाचा वास आला. दुसरा कसला येणार होता म्हणा! पण इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसाचा वास घ्यायचा नाही, तर ओळख पटवायची कशी?

हे सगळं झालं त्या लाँचपायी. ह्या हिवाळ्यात आमच्या गावच्या घाटावरून पल्याडच्या शहराच्या पेठेत जायला लाँच सुरू झाली. घनसावंगीहून जीपनं आलात की रस्ता जिथं संपतो तिथं आमचं गाव, आणि गाव जिथं संपतं तिथं गंगा. नकाशावर ती गोदावरी असेल. आमच्या थडीला तिला गंगाच म्हणतात. खाली बंधारा झाल्यापासून ती बाराही महिने भरलेली असते, फुगलेली, गप्प. पूर्वी पल्याडच्या पेठेत जायचं तर जीपनं लांबच्या पुलावरून वळसा घालावा लागायचा. आता लाँचमध्ये बसलं की चहा निवायच्या आत पेठ.

लाँचचा पहिला दिवस मोठा झाला. फीत, नारळ, कमानीवर हात जोडलेले फोटो. जी गोष्ट एवढी हसत हसत दारात येते तिच्या पाठीमागं काय धरलंय ते आधी बघावं, असं माझं मत आहे. मी ते बोलून दाखवलं, तर माझा नातू अजय म्हणाला, "आजी, तुला तर देवानं प्रसाद दिला तरी तू वास घेऊन खाशील." घेईनच. आत नारंगी जाकिटं लटकवलीत. पडलात तर पाण्यावर तरंगता म्हणे. मला सांगा, ज्याला स्वतःवर भरवसा आहे तो पाहुण्याला उंबऱ्यातच "छत पडलं तर हे डोक्यावर घ्या" म्हणतो का?

आणि सगळ्यात मोठा संशय मला तिच्या चालण्याचा. ती सरळ जाते. ह्या काठाहून निघाली की त्या काठाला, सुईत दोरा ओवावा तशी. गंगेवरून माणूस असा सरळ जातो हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आमच्या वेळी गंगा ओलांडायची ती गोल फिरत.

काहिल रशीदभाईची. त्याचं गुऱ्हाळ होतं, आमच्या मळ्याच्या बांधाला लागून. थंडीत ती भट्टीवर चढायची. उसाचा रस तिच्यात ओतला की आधी हिरवट फेस यायचा, मग भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढली जायची, आणि दुपार कलता कलता असा वास सुटायचा की शाळेत बसलेल्या पोरांना बाराखडी आठवायची नाही. उसाच्या कांडक्याला गुंडाळून गरम काकवी चाटायची. जीभ भाजायची. भाजलेल्या जिभेवर ती गोडी दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायची. मला आत्ता ह्या क्षणी चहात साखर किती ते कळत नाही, पण ती भाजलेली जीभ कळते.

उन्हाळ्यात गंगा आटायची. तेव्हा पल्याड जायला काहिल नको, नुसती चप्पल हवी, तीही हातात. मधे वाळूच वाळू, आणि वाळूत टरबुजांच्या वाड्या. बायका वाळू उकरून झिरा काढायच्या. हळूहळू पाणी जमायचं, थंड, दातांना कळ आणणारं. टरबूज फोडलं की त्याचा लाल आवाज व्हायचा. आवाजाला रंग नसतो असं म्हणणाऱ्यानं वाळूत बसून टरबूज फोडलेलं नसतं. ती वाळू आता पाण्याखाली आहे, की ट्रकांमधून कुणाच्या भिंतीत गेली, ते मी विचारलेलं नाही. उत्तर माहीत असलेले प्रश्न मी विचारत नसते.

आणि पावसाळ्यात, गुऱ्हाळ बंद असलं की, तीच काहिल गंगेत. ज्या बुडाला जाळ लागायचा त्याच बुडाखाली पाणी. रशीदभाई आत बसून वल्हं मारायचा, त्याचा भाऊ पोटाला भोपळे बांधून पोहत काहिलीची कड धरायचा. पल्याड कुणी थांबलं आहे का बघायला रशीदभाई लाकडानं काहिलीच्या कडेवर ठोका द्यायचा. घुम्म. तो आवाज पाण्यावरून जायचा आणि पल्याडच्या काठाला हात लावून परत यायचा. लाँचचा भोंगा जातो तो जातोच. परत येत नाही.

काहिल गोल, त्यामुळं प्रवाहात पडली की फिरायची. चक्की फिरते तशी, पण लहरीनं. आधी आपलं गाव समोर, मग आकाश, मग पल्याडचं देऊळ, मग पुन्हा आपलं गाव. नव्या माणसाला भोवळ यायची, भोवळ आली की ते उठून उभं राहायचं, आणि उभं राहिलं की सगळ्यांना घेऊन बुडायचं. म्हणून काहिलीचा एक कायदा होता. नव्यानं बसणाऱ्यानं डोळे मिटायचे आणि काठ लागेपर्यंत उघडायचे नाहीत.

चढता-उतरता लुगड्याला मागून काजळी लागायची आणि अंगाला गुळाचा वास. पल्याड कोण जाऊन आलं हे गावात विचारावं लागत नसे. मुंग्या सांगायच्या.

आता लाँचमधून उतरलेल्या माणसाला कसलाच वास येत नाही. कुठं बसला, काय बोलून आला, काही पत्ता लागत नाही. आणि इथंच माझ्या संशयाला खरा पाय फुटला, कारण त्या लाँचमधून रोज माझी नातसून जाते.

शीतल तिचं नाव. अजयची बायको. माझी सून गेल्यापासून घरात बायकांमध्ये आम्ही दोघीच. पल्याडच्या पेठेत एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम तिला मिळालं, ते लाँच सुरू झाली म्हणूनच. तिचं माहेरही त्याच पेठेत. सकाळी जाते, संध्याकाळी येते, येताना हसत येते. सासरी येताना हसणाऱ्या बाईनं दिवसभर काहीतरी मन मोकळं केलेलं असतं. हा माझा स्वतःचा अनुभव आहे, म्हणून तर मी घाबरले.

मी पुरावे गोळा करायला लागले. तिच्या डब्याला कारळाच्या चटणीचा वास. आमच्या घरात कारळ नसतंच, जवसाची चटणी असते. म्हणजे डबा माहेरी उघडतो. पुढं एकदा मी तुळशीला पाणी घालत होते आणि ती आत फोनवर बोलत होती. मी कुणाचं बोलणं चोरून ऐकत नाही. पण तुळशीला पाणी घालताना बाई कान काढून कोनाड्यात ठेवते का? शीतल म्हणत होती, "आई, वरची खोली रिकामीच आहे ना? नको, आजींना इतक्यात काही कळू देऊ नको."

माझ्या हातातला तांब्या तसाच कलता राहिला. तुळशीच्या मुळाशी माती वाहून गेली.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी घाटावर जाऊन बसायला लागले. हवा खायला, असं सांगून. त्या सोनेरी काहिलीच्या कडेला बसायचं आणि लाँचमधून उतरणारी डोकी बघायची. निळी ओढणी दिसली की उठून पदर झटकायचा आणि म्हणायचं, "अगं, तू इथं कशी?" शीतल म्हणायची, "रोज ह्याच लाँचनं येते मी, आजी." मी म्हणायचे, "असं का!"

काहिलीला टेकून बसलं की पाठीला तिचं लोखंड गार लागायचं, आणि मला ती पंचमी आठवायची.

श्रावणातली पंचमी, मला माहेरी न्यायला पल्याडहून निरोप आलेला. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई मला घाटापर्यंत पोचवायला आल्या, पावसाची भुरभुर म्हणून डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. आम्ही गंगेची ओटी भरली. काहिलीत रशीदभाई, दोन शेळ्या आणि मी. "बैठो बेटी," रशीदभाई म्हणाला, "आँखां बंद करो. हिलो नक्को."

कायदा पाळण्यात माझा हात कुणी धरला नसता. मी डोळे मिटले, वरून पदर हनुवटीपर्यंत ओढला, आणि तोंडानं मोठमोठ्यानं गंगेला नमस्कार घालायला लागले. पायाशी शेळ्या बेंबाटत होत्या. काहिल फिरत होती, तिच्या पोटात मीही फिरत होते. मधे वरून एक अख्खी बाभूळ वाहत आली, रशीदभाईनं काहिल वळवली आणि आल्या काठाला माघारी आणली, हे सगळं मला नंतर कळलं. मला कळलं ते एवढंच, की बुड खरडलं, काठ लागला आणि कुणीतरी माझा हात धरला. म्हातारा, खरबरीत हात. खोळीखालून चुलीच्या धुराचा आणि मिश्रीचा वास. माय!

मी गळ्यातच पडले.

"माय गं," मी म्हणाले, पदराआडूनच, "मला पुन्हा त्या म्हातारीकडं धाडू नको. लई कजाग हाय. तूप शिंक्यावर ठिवती आन् शिंकं माज्या हाताला येऊ नये म्हून दर आठ दिसांनी वर बांधती. माजं ताक हुंगून बघती. मला पांगळी म्हैस म्हनती. आन् घोरती अशी का, आढ्यावरली चिमणी उडून जाती."

माय पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणून मी आणखी बोलले. पदरचंही घातलं थोडं. दुःख सांगताना मीठ जरा जास्त पडतंच. मग ती मला हाताला धरून चालवायला लागली, आणि चढावर म्हणाली, "पाय जपून टाक बये. चिखल हाय."

तो आवाज ऐकून माझे डोळे उघडले. पदर आपोआप मागं गेला. समोर आमचंच गाव, आमचाच लिंब, आणि खोळीखाली आत्याबाई. मागं रशीदभाई, काहिलीत बसून, दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होता. शेळ्यासुद्धा गप्प झाल्या होत्या.

आत्याबाई घाटावरून घरी गेल्याच नव्हत्या. भुरभुरत्या पावसात काहिलीकडं बघत तिथंच उभ्या होत्या. हे माझ्या ध्यानात यायला पुढं कितीतरी पावसाळे जावे लागले. तेव्हा मला एवढंच वाटलं, गंगेनं आत्ता पोटात घ्यावं. संध्याकाळी जेवायला बसले तर माझ्या भाकरीवर तूप होतं. आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

तर अशी मी. आणि आता माझ्या घरातली पोर रोज गंगापार जाते, आणि कोण जाणे कुणाच्या गळ्यात पडून काय काय सांगते! शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, "शीतल, उद्या मी येते तुज्यासंगं. गुडघा दाखवायचाय."

"खरंच?" ती म्हणाली. एवढी खूश झाली की माझा संशय आणखी वाढला.

लाँचमध्ये तिनं मला खिडकीशी बसवलं आणि माझ्यासाठी एक नारंगी जाकीट काढलं. "हात वर करा आजी."

"पोलिसासारखं कामून बोलून राह्यलीस? काय चोरलं म्या?"

ती हसली. जाकिटाला रबराचा वास. भोंगा झाला, लाँच निघाली, आणि मी डोळे मिटले. ती फिरायची वाट बघत बसले. फिरलीच नाही.

"आजी, भीती वाटती का? डोळे का मिटले?"

"सवय," मी म्हणाले आणि डोळे उघडले. आपलं गाव मागं, तिथंच. पेठ समोर, तिथंच. मग म्हटलं, आता ह्या लाँचसारखंच सरळ जावं. "कारळाची चटणी पेठेत कुठं मिळती गं?"

शीतलनं माझ्याकडं बघितलं. "आईकडं जेवते मी दुपारी. दवाखान्याच्या मागंच तर घर हाय. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणला असता, माजा डबा कुत्र्याला घालती."

"घालती का?"

"आईला घालते. तिला तुमची जवसाची चटणी आवडती. माझ्या आधी डबा तीच उघडती."

मला बरं वाटलं. पण पुरावे अजून संपले नव्हते. "आन् वरची खोली?"

शीतलचं हसू गेलं. खिडकीतून पाण्याचे तुषार येत होते, ते तिनं पुसले नाहीत.

"पावसाळ्यात बंधाऱ्याची दारं उघडली की लाँच बंद ऱ्हाणार आजी. जीपनं वळसा घालून रोज जाणं-येणं जमायचं न्हाई. पावसाळाभर आईकडं वरच्या खोलीत ऱ्हावं लागंल. सुट्टीला येत जाईन."

"अजयला ठाव हाय?"

"हाय. तुम्हाला सांगायची हिंमत कोनाचीच न्हाई झाली."

"आन् पावसाळा सरल्यावर?"

"येईन की."

मी ते "येईन की" तोंडात घोळवलं. जिवावर येतं तेव्हा मीही असंच म्हणायचे. पल्याड पेठेत दिवे आहेत, दुकानं आहेत, आई आहे, नळाला पाणी आहे. इकडं काय आहे? जवसाची चटणी आणि मी. एकदा पल्याड रुळलेलं माणूस काहिलीसारखं फिरून आपोआप माघारी येत नसतं. आणि आता तर मधे फिरणारं काहीच उरलं नव्हतं.

शीतल म्हणाली, "तुम्ही न्हाई म्हणल्या, तर मी सोडते नोकरी. खरंच सोडते. घरात तुम्ही एकट्या पडता हे मला दिसतं. सांगा तुम्ही."

पोरीनं सगळं माझ्या ओंजळीत टाकलं. "नको जाऊ" एवढेच दोन शब्द. ते जिभेवर आलेही होते, खोटं कशाला बोलू? माझ्या त्या संध्याकाळच्या बसण्याचं, निळ्या ओढणीचं, "अगं, तू इथं कशी" म्हणण्याचं काय होणार, हाच विचार मनात होता. मी तिच्या तोंडाकडं बघितलं.

माझ्या उत्तराची वाट बघत तिनं डोळे मिटून घेतले होते. घट्ट, पापण्या थरथरेपर्यंत.

मग माझ्याच्यानं ते दोन शब्द बोलवेनात. त्यांच्याऐवजी मी तिला काहिलीची गोष्ट सांगितली. ज्या काहिलीला टेकून मी रोज बसते तिचीच. बाभूळ, शेळ्या, खोळ, शिंकं, घोरणं, सगळं. शीतल आधी तोंडावर ओढणी धरून हसली, मग ओढणी सोडून हसली, मग लाँचमधली सगळी माणसं माना वळवून आमच्याकडं बघायला लागली. पेठेचा घाट आला. माणसं उतरली. दारातला माणूस ओरडला, "मावशी, उतरा जल्दी, लोक थांबलेत!" शीतल जागची हलेना. माझ्या जाकिटाचा पट्टा धरून बसली.

"आधी सांगा," ती म्हणाली. "त्या काही बोलल्याच न्हाईत का? कधीच?"

बोलल्या ना. पंचमी होऊन गेली, पाणी उतरलं, तेव्हा आत्याबाईंनी मला पुन्हा घाटावर आणलं. पुन्हा ओटी भरली, भाकरीचं गाठोडं मांडीवर दिलं, गाठोड्यात तुपाची वाटी. मी काहिलीत बसले, लाजेनं मान खाली. रशीदभाईनं वल्हं उचललं, तेवढ्यात आत्याबाई गुडघ्याइतक्या पाण्यात आल्या, काहिलीची कड धरून वाकल्या, आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या,

"जा, मायला समदं सांग, काय बी ठिवू नको. पर येताना डोळे उघडे ठिवून ये, म्हंजी कोनाच्या गळ्यात पडून राह्यलीस ते दिसंल. आन् दिसल्यावर बी पडू वाटलं, तर पड."